स्टॉकहोमचा नाताळ पंचवीस तारखेला नसतो

पुण्याच्या एका वाचक भगिनींचं पत्र आहे. त्यांची मुलगी दोन वर्षांपासून स्टॉकहोमला नोकरी करते. येत्या नाताळात तिच्याकडे जायचं, म्हणजे ऐन सणात शहर बघून होईल, असा त्यांचा बेत. मुलीला सुट्टी 24 पासूनच, म्हणून तारखा धरल्यात 23 ते 29 डिसेंबर. या सात दिवसांत नाताळचा बाजार, बर्फ, नॉर्दर्न लाइट्स आणि जमलं तर बोटीनं हेलसिंकी. यजमानांचं म्हणणं, "एवढे पैसे घालून अंधार बघायला कशाला जायचं? मे महिन्यात जाऊ." घरी 76 वर्षांच्या सासूबाई आहेत. गुडघे दुखतात, आणि खाण्यात अंडंसुद्धा चालत नाही. "त्यांना नेलं तर आमचं फिरणं होणार नाही, ठेवून गेलं तर मनाला लागून राहील. गरम कपड्यांनाच लाखभर रुपये जातील असं मैत्रिणी म्हणतात. सासूबाईंना न दुखवता नाही कसं म्हणू?" असं त्यांनी शेवटी विचारलं आहे.

ताई,

सासूबाईंचा प्रश्न तुम्ही शेवटी ठेवलात, पण माझ्या मते तोच सगळ्यात मोठा आहे. त्याकडे येतेच. आधी तारखांचं बोलू, कारण तारखा बदलल्या तर सासूबाईंचं उत्तरही बदलेल असं मला वाटतं.

समजा, तुमच्या मुलीची एखादी स्वीडिश मैत्रीण दिवाळी बघायला पुण्याला आली आणि लक्ष्मीपूजनाच्या रात्री दहाला लक्ष्मी रोडला जाऊन उभी राहिली. काय दिसेल तिला? खाली ओढलेली शटरं आणि फटाक्यांचा कचरा. दिवाळी तर असते, पण ती घराघरांत. रस्त्यावरची दिवाळी, म्हणजे आकाशकंदिलांच्या माळा, पणत्यांचे ढीग, मोती साबणाचा वास, पिशव्या सांभाळत चाललेली माणसं, हे सगळं त्याआधीच्या आठ-दहा दिवसांत होऊन गेलेलं असतं.

स्टॉकहोमचं अगदी तसंच आहे. स्वीडनमध्ये नाताळचा मुख्य दिवस 25 नव्हे, 24 डिसेंबर. त्या दिवशी दुपारपर्यंत दुकानं आवरती घेतात. तीन वाजता सगळं घर टीव्हीसमोर बसून डोनाल्ड डकचा दरवर्षीचा तोच कार्यक्रम बघतं, मग जेवण, मग भेटवस्तू. 25 तारखेला रस्ते सुनसान, 26 लाही सुट्टी. जुन्या शहरातला, म्हणजे गामला स्तानमधला नाताळचा बाजार 23 च्या सुमारास आवरतो. तुम्ही विमानातून उतराल तेव्हा दुकानदार फळ्या उतरवत असतील.

मी तिथे दोन डिसेंबर काढले आहेत. पहिल्या वर्षी मीही हीच चूक केली होती. 24 च्या संध्याकाळी जेवायला कुठेतरी मिळेल म्हणून बाहेर पडले आणि ओल्या रस्त्यावरून तासभर चालत राहिले. दोन्ही बाजूंच्या घरांत दिवे, मेणबत्त्या, माणसं. बाहेर मी एकटी. शेवटी एका कोपऱ्यावरच्या फलाफलच्या गाडीनं त्या रात्री माझं जेवण सांभाळलं. ज्याचं घर त्या शहरात नाही त्याच्यासाठी ती रात्र फार लांबते. तुमची मुलगी तिथे आहे, त्यामुळे तुमच्यावर अशी वेळ येणार नाही. पण शहर बघायला म्हणून ते दिवस निवडू नका.

मग कधी जायचं? नाताळाआधीच्या चौथ्या रविवारपासून तिथे अॅडव्हेंट, म्हणजे नाताळाची वाट बघण्याचा काळ, सुरू होतो. पहिल्या रविवारी जवळजवळ प्रत्येक खिडकीत दोन गोष्टी येतात. एक, कागदाचा तारा, आत बल्ब असलेला, आपल्या आकाशकंदिलाचा सख्खा भाऊ म्हणावा असा. दुसरी, सात दिव्यांची लाकडी कमान, मधला दिवा सगळ्यात उंच. पडदे ओढायची पद्धत तिथे फारशी नाही. दुपारी साडेतीनला काळोख झालेला असतो आणि समोरच्या पाचमजली इमारतीत मजल्यामजल्यावर या कमानी उजळलेल्या असतात. कुठलंही तिकीट न काढता बघायला मिळणारी स्टॉकहोममधली सगळ्यात सुंदर गोष्ट मला हीच वाटते. मुलीला विचारा, तिच्या खिडकीतही असेल.

माझी सुचवणी 9 ते 15 डिसेंबरची आहे. 10 डिसेंबर हा आल्फ्रेड नोबेलचा स्मृतिदिन. त्या दिवशी कॉन्सर्ट हॉलमध्ये पारितोषिकं दिली जातात आणि रात्री सिटी हॉलमध्ये मेजवानी होते. आपल्याला आत प्रवेश नसतो, पण 2020 पासून त्या आठवड्यात शहरभर पुलांवर आणि इमारतींवर प्रकाशाचे खेळ मांडतात, ते सगळ्यांना मोफत बघता येतात. आणि 13 डिसेंबरला लुसिया. त्याबद्दल पुढे लिहिते. मधल्या शनिवार-रविवारी स्कान्सेनचा बाजार लागतो. स्कान्सेन म्हणजे 1891 साली उघडलेलं खुल्या जागेतलं संग्रहालय. स्वीडनच्या वेगवेगळ्या भागांतली जुनी लाकडी घरं उचलून तिथे आणून मांडली आहेत, आणि 1903 पासून तिथे नाताळचा बाजार भरतो. गामला स्तानच्या चौकातला लाल टपऱ्यांचा बाजार छोटा आहे, अर्ध्या तासात फिरून होतो. एकच बघणार असाल तर स्कान्सेन बघा.

मुलीला सुट्टी 24 पासूनच आहे, हे तुमचं म्हणणं बरोबर असेल. पण स्वीडनमध्ये नोकरदाराला वर्षाला किमान 25 दिवसांची रजा कायद्यानंच मिळते. त्यातले दोन दिवस ती आईसाठी ठेवू शकते का, हे तिला विचारलंत? बाकीचे दिवस ती कामावर असली तरी काही बिघडत नाही. उलट तुम्ही दोघं सकाळी आपापलं फिराल आणि संध्याकाळी ती येईल.

आता यजमानांचा अंधार. ते खोटं बोलत नाहीत, आणि त्यांचं म्हणणं मोडीत काढू नका. डिसेंबरच्या मध्यावर स्टॉकहोमला सूर्य साडेआठनंतर उगवतो आणि पावणेतीनच्या सुमारास मावळतो. सहा तासांचा दिवस, तोही ढगाळ असेल तर दिवसभर संध्याकाळच. ज्यांना उन्हाशिवाय उदास वाटतं त्यांनी मे महिना निवडावा. रात्री नऊपर्यंत उजेड, झाडं फुललेली, पाय मोकळे. यजमानांना खरंच अंधार सोसत नसेल तर मे हेच तुमचं उत्तर आहे, त्यात कमीपणा काही नाही. पण त्यांना एकदा असं विचारून बघा: दिवाळीचे दिवे भर दुपारी लावले तर? तिथला सणच अंधारासाठी आहे. उजेड हवा तर मे, सण हवा तर डिसेंबर. दोन्ही एकाच तिकिटात मिळत नाहीत.

डिसेंबर ठरवलात तर यादी बाजूला ठेवा आणि उजेडाप्रमाणे दिवस आखा. सकाळी घाई नको. साडेनवाला निघा, अडीचपर्यंत बाहेरचं बघून घ्या. ऊन पडलं तर ते इतकं तिरपं येतं की दुपारी बारालाही सावल्या लांब असतात आणि पाण्यालगतच्या पिवळ्या-केशरी इमारती पेटल्यासारख्या दिसतात. स्टॉकहोम चौदा बेटांवर वसलेलं आहे, हे त्या वेळी कळतं. स्लुसेनहून युर्गोर्डेन बेटावर जाणारी छोटी फेरीबोट मेट्रोच्याच तिकिटावर चालते. दहा मिनिटांचा प्रवास, पण गावाचं रूप त्यातून फार छान दिसतं. त्याच बेटावर वासा संग्रहालय आहे. 1628 साली पहिल्याच सफरीत बंदराबाहेर पडण्याआधी बुडालेलं आणि 1961 मध्ये वर काढलेलं अख्खं लाकडी जहाज. तीनशेहून जास्त वर्षं पाण्याखाली राहूनही कोरीवकामातले चेहरे ओळखू येतात. अंधार पडला की आत जायची जागा हीच. यजमानांना इतिहासाची थोडी जरी आवड असेल तर त्यांची दुपार इथे वसूल होईल.

आणखी एक, फार स्वस्तात. तिथली मेट्रो. बहुतेक स्टेशनांत चित्रकारांनी काम केलं आहे, आणि निळ्या लाइनवर तर खडक तसाच उघडा ठेवून त्यावर रंगवलंय. मुख्य स्टेशनावर पांढऱ्या खडकावर निळ्या वेली, सोल्ना सेंट्रुमला डोक्यावर लालभडक छत. तिकीट एकदा काढलं की 75 मिनिटं चालतं, 65 च्या वरच्यांना सवलत आहे. स्टेशनांना लिफ्ट आहेत. बाहेर बोचरा वारा असेल तेव्हा तासभर नुसती स्टेशनं बघत फिरा.

बर्फ आणि नॉर्दर्न लाइट्सबद्दल मला तुमची निराशा करावी लागणार. डिसेंबरात स्टॉकहोमचं तापमान शून्याच्या आगेमागे असतं. कधी पांढरं होतं, कधी नुसता पाऊस आणि चिखल. बर्फाची आशा जानेवारी-फेब्रुवारीत जास्त. नॉर्दर्न लाइट्ससाठी उत्तरेला किरुना-अबिस्कोच्या भागात जावं लागतं, म्हणजे हजार किलोमीटरहून जास्त, आणि तिथेही आकाश मोकळं असेल तरच. ती वेगळी सहल आहे. सात दिवसांत ती कोंबू नका. हेलसिंकीचंही तेच. बोट रात्रभर चालते, जाऊन-येऊन दोन रात्री बोटीवरच जातात. त्यापेक्षा एक दिवस रेल्वेनं उप्साला करा, पाऊण तासाच्या आत पोचता, प्रचंड मोठं कॅथेड्रल आहे आणि संध्याकाळी परत मुलीच्या घरी.

कपड्यांना लाख रुपये लागत नाहीत. जाड कोट एकच, पण आतून थर हवेत: अंगाला चिकटून लोकरीचं किंवा थर्मल, त्यावर फ्लीस, वर वारा अडवणारं जाकीट. अंगालगत सुती कपडा नको. तो घाम धरून ठेवतो आणि मग थंडी आतूनच वाजते. घरं, बस, दुकानं सगळीकडे आत वीस-एकवीस अंश असतं, त्यामुळे एकच अवजड स्वेटर घातलात तर आत शिरताच उकडेल. वरची जाकिटं पुण्यात विकत घेऊच नका. मुलीला मैत्रिणींकडून उसनी मागू दे, किंवा मिरोर्ना आणि स्टाड्समिशोनेन या जुन्या कपड्यांच्या दुकानांतून घेऊन ठेवू दे. दोन्ही दुकानं समाजकार्यासाठी चालतात, आणि थंडीचे कपडे तिथे चांगले मिळतात. पैसे घाला ते बुटांवर. एक नंबर मोठे घ्या, म्हणजे जाड मोज्यांत बोटं हलतील. थंडी पायातून चढते.

आता सासूबाई.

ताई, तुमचं पत्र मी परत परत वाचलं. त्यांचे गुडघे आहेत, त्यांचं खाणं आहे, तुमची घालमेल आहे. पण त्यांना यायचंय का, हे त्यात कुठेच नाही. तुम्ही त्यांच्या वतीनं हो म्हणून, त्यांच्याच वतीनं अडचणी काढून, वर नाही कसं म्हणायचं याची काळजी करताय. कदाचित त्यांना इतका लांबचा प्रवास नकोच असेल आणि तुम्हाला वाईट वाटेल म्हणून त्या गप्प असतील. कदाचित नातीचं घर एकदा डोळ्यांनी बघायचं त्यांच्या मनात दोन वर्षांपासून असेल. विचारल्याशिवाय कळणार नाही. विचारताना यजमानांनी विचारावं, तुम्ही नव्हे. सुनेनं विचारलं की त्यातून दुसरा अर्थ निघतो.

आणि विचारण्याआधी त्यांना लुसियाबद्दल सांगा. 13 डिसेंबरच्या पहाटे, अजून काळोख असताना, पांढरे झगे घातलेल्या मुली रांगेनं गात येतात. पुढच्या मुलीच्या कमरेला लाल फीत, डोक्यावर मेणबत्त्यांचा मुकुट. शाळेत, चर्चमध्ये, ऑफिसात, इस्पितळात, सगळीकडे. पूर्वीच्या कालगणनेत ही वर्षातली सगळ्यात मोठी रात्र मानत. मी पहिल्यांदा पाहिलं तेव्हा चर्चमधले सगळे दिवे घालवलेले होते. आधी फक्त आवाज आला, मागून, लांबून. मग दाराशी उजेड हलला. माझ्या शेजारी एक म्हातारी बाई बसली होती, तिचे ओठ गाण्याबरोबर हलत होते. मला कार्तिकातली काकड आरती आठवली, आजीबरोबर शाल गुंडाळून देवळात जायचे ती. तुमच्या सासूबाईंना भाषेचं अक्षर कळलं नाही तरी त्या पहाटेचा अर्थ तुमच्या-माझ्याआधी कळेल.

त्या आल्या तर दिवसाला बाहेरची एकच गोष्ट ठेवा. दुपारी त्या घरी विसावतील, मुलगी कामावरून आली की आजी-नात घरात आणि तुम्ही दोघं दिवे बघायला बाहेर. तुमचं फिरणं असं व्यवस्थित होतं. खरी भीती थंडीची नाही, घसरण्याची आहे. फुटपाथवर बारीक खडी टाकतात तरी मधेमधे काचेसारखा बर्फ धरतो. बुटांना खालून अडकवायचे खिळ्यांचे रबरी पट्टे तिथे सगळीकडे मिळतात, त्यांना 'ब्रोडार' म्हणतात. मुलीला आधीच आणून ठेवायला सांगा. गामला स्तानच्या दगडी गल्ल्या त्यांनी टाळाव्यात. स्कान्सेन टेकडीवर आहे, तिथे व्हीलचेअरची सोय काय ते आधी विचारून घ्या. विमानाचं तिकीट काढतानाच व्हीलचेअर मागा, लाजू नका. साडी सोडायची नसेल तरी हरकत नाही. परकराच्या आत थर्मल, पायात लोकरी मोजे, वरून लांब कोट. 2019 च्या नोबेल समारंभात अभिजित बॅनर्जी धोतर नेसून आणि एस्तेर डफ्लो साडी नेसून गेले होते, डिसेंबरातच.

खाण्याचं म्हणाल तर 'वेगिटारिस्क' म्हणजे शाकाहारी, पण त्यात अंडं असू शकतं. म्हणून 'वेगान्स्क' शोधा, त्यात अंडंही नाही आणि दूधही नाही. पाकिटावर 'एग' लिहिलंय का ते बघा. लुसियाचे केशराचे पिवळे पाव असतात, त्यांवर बहुधा अंड्याचा हात फिरवलेला असतो. मुलीनं घरी दुधाचा हात फिरवून केले तर आजींनाही खाता येतील. आलं-दालचिनीची पातळ कुरकुरीत बिस्किटं बहुतेक बिनअंड्याची असतात, तरी पाकीट वाचा. आणि एक गोष्ट त्यांना हमखास आवडेल: नाताळात तिथे तांदूळ दुधात शिजवून, दालचिनी घालून घट्ट खीर करतात. त्यात एक बदाम लपवतात. ज्याच्या वाटीत तो येईल त्याचं वर्षभरात लग्न ठरतं म्हणे. नातीच्या वाटीत तो कसा जाईल हे सासूबाई बघतीलच.

पुण्याहून नेताना मात्र जपा. युरोपात बाहेरून दूध-दुभत्याचे आणि मांसाचे पदार्थ प्रवाशांना आणू देत नाहीत. पेढे, खव्याची मिठाई, तुपाची बरणी घरीच राहू द्या. कढीपत्त्यासारखा ताजा पालाही नको, त्याला प्रमाणपत्र लागतं. नारळ, केळी, अननस, खजूर यांना सूट आहे. भाजणी, मेतकूट, कोरड्या चटण्या, मसाले न्या.

व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो आणि किमान 15 दिवस आधी करावाच लागतो, पण कधीकधी निर्णयाला 45 दिवसही लागतात. डिसेंबरसाठी सप्टेंबरात अर्ज झालेला बरा. मुलीचं निमंत्रणपत्र, आणि किमान 30,000 युरोंचा वैद्यकीय विमा. सासूबाईंच्या विम्यात आधीपासूनच्या दुखण्यांबद्दल काय लिहिलंय ते अक्षरन् अक्षर वाचा. त्यांच्या डॉक्टरांना प्रवासाबद्दल विचारून, औषधांची चिठ्ठी इंग्रजीत घ्या. रोख पैसे फार नेऊ नका, तिथे बाजारातली टपरीसुद्धा कार्डच मागते.

आणि काही केल्या मुलीला रजा मिळालीच नाही, 23 तारखेलाच जावं लागलं, तर मग शहर बघायचा हट्ट सोडून घरचा नाताळ करा. 23 ला सगळं सामान भरून ठेवा, 24 ला खीर, 25 ला भल्या पहाटे जवळच्या चर्चमधली प्रार्थना ऐकायला जा, दुपारी पाण्याकाठी फेरी. 26 नंतर सेल लागतात, हळूहळू सगळं उघडू लागतं. संग्रहालयांच्या वेळा त्या आठवड्यात बदलतात, तेवढ्या निघण्याआधी तपासा. तेही दिवस वाईट जाणार नाहीत, फक्त ते वेगळे असतील, हे यजमानांना आणि सासूबाईंना आधी सांगा.

रजा मिळाली तर मुलीला एक काम मात्र ऑक्टोबरातच सांगून ठेवा. लुसियाच्या मोठ्या कार्यक्रमांची तिकिटं लवकर संपतात. तिच्या वस्तीतल्या छोट्या चर्चमध्ये कधी, किती वाजता आहे आणि आजीला पुढच्या बाकावर, दाराच्या गारठ्यापासून लांब बसता येईल का, एवढं तिनं जाऊन विचारून यावं. आणि त्या पहाटे आजींचे गुडघे अगदीच उठू देईनात, तर सकाळी सातला स्वीडिश टीव्हीवरही लुसिया लागते. शाल पांघरून, दिवे घालवून, नातीशेजारी बसून बघता येईल.